‘बऱ्हाणपूर’ सापडत का नाही? : डेटाबेसमधील मराठी मजकुराचे काही प्रश्न

तापीच्या काठी वसलेली सुरत आणि बऱ्हाणपूर ही दोन शहरे मोगल काळापासून एका व्यापारी वाटेने जोडलेली होती. त्यामुळे सुरतेतल्या मराठी वाचनालयात बऱ्हाणपूरविषयीची पुस्तके असणे स्वाभाविक आहे. अशाच एका वाचनालयाची सूची संगणकावर आणण्याचे काम मी करत होतो. शोधपेटीत ‘बऱ्हाणपूर’ लिहिले की काही पुस्तके येत आणि काही येत नसत. न येणारी पुस्तके यादी उघडली की डोळ्यांना स्पष्ट दिसत. शुद्धलेखनात कुठेही चूक नव्हती.

हा प्रश्न प्रोग्रॅमिंगचा वाटतो, पण त्याचे मूळ आपल्या लिपीत आहे. म्हणून तो लेखक, शिक्षक आणि विद्यार्थी यांनीही समजून घ्यावा असे मला वाटते. सूचीत सापडत नाही ते पुस्तक वाचकाच्या लेखी नसतेच, आणि नोंदवहीत नाव जुळत नाही त्या मुलाचा दाखला अडतो.

संगणक अक्षराचा आकार साठवत नाही, त्याचा क्रमांक साठवतो. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांक राखलेले आहेत. ‘क’चा क्रमांक २३२५, ‘र’चा २३५२, हलन्ताच्या चिन्हाचा २३८१. आता ‘बऱ्हाणपूर’मधला ‘ऱ्ह’ पाहू. तो दोन रितींनी लिहिता येतो. पहिल्या रितीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर (क्रमांक २३५३), त्यापुढे हलन्त आणि मग ‘ह’ येतो. दुसऱ्या रितीत साधा ‘र’, हलन्त, त्यानंतर झीरो विड्थ जॉइनर नावाचे अदृश्य जोडचिन्ह (क्रमांक ८२०५) आणि मग ‘ह’. पडद्यावर दोन्ही रूपे तंतोतंत सारखी उमटतात, पण क्रमांक वेगळे असल्यामुळे साध्या तुलनेत संगणक त्यांना दोन शब्द मानतो. कळफलक कोणता वापरला यावर कोणते रूप साठवले जाईल हे ठरते. सूचीची नोंद दोघांनी वेगवेगळ्या कळफलकांवर केली असेल, तर यादी नकळत दुभंगते.

युनिकोडने ठरवून दिलेली सामान्यीकरणाची प्रक्रिया चालवली तरी ही दोन रूपे एक होत नाहीत. तो नियम आपल्याला लिहावा लागतो. येथे पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. अदृश्य चिन्हे आधीच काढून टाकली, तर ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होईल आणि डोंगरातल्या खिंडी समुद्राला मिळतील. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांचीही तीच गत होईल. म्हणून प्रथम ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ ही मालिका शोधून तिच्या जागी ‘ऱ, हलन्त’ ठेवावे आणि उरलेली अदृश्य चिन्हे त्यानंतर काढावीत. मूळ नोंदीला मात्र हात लावू नये. तिच्या शेजारी शोधासाठी वेगळा स्तंभ करावा, त्यात हे एकसारखे केलेले रूप ठेवावे आणि वाचकाने टाइप केलेल्या शब्दालाही तोच नियम लावून मगच तुलना करावी.

‘ॲ’ची कथा अशीच आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीच्या मजकुरात ‘अ’वर चंद्र जोडून किंवा हिंदीत रूढ असलेला ‘ऍ’ वापरून काम भागवलेले दिसते. ‘ॲसिड’ शोधताना ही सगळी रूपे एकाच रूपात आणावी लागतात.

सुरतेत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली असंख्य कुटुंबे राहतात. महानगरपालिका गुजरातीबरोबर मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते. त्यामुळे एकाच मुलाचे नाव शाळेत देवनागरीत आणि इतर कागदांवर गुजराती लिपीत असते. दोन याद्या जुळवण्यासाठी प्रोग्रॅमर एक सोपी युक्ती वापरतात. युनिकोडमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी समांतर असल्यामुळे देवनागरी क्रमांकात ३८४ मिळवले की बहुधा तेच गुजराती अक्षर मिळते. ‘क’ २३२५, तर गुजराती ‘क’ २७०९. पाटील, महाजन, सोनवणे ही आडनावे या युक्तीने बिनचूक उतरतात. ‘बऱ्हाटे’ मात्र अडते. ‘ऱ’च्या २३५३ मध्ये ३८४ मिळवले की २७३७ येतात आणि गुजरातीत त्या जागी अक्षरच नाही. पडद्यावर रिकामी चौकट येते. ‘ॲ’चेही तसेच होते. त्यामुळे अशा अक्षरांसाठी अपवादांचा छोटा तक्ता करावा. ‘ऱ’साठी गुजराती ‘र’ आणि ‘ॲ’साठी गुजरातीतील ‘ऍ’ घ्यावा. उलट दिशेने, म्हणजे गुजरातीतून मराठीत येताना, ‘र्ह’ आणि ‘ऱ्ह’ यांतले खरे रूप कोणते हे यंत्राला कळणार नाही. तेथे माणसाने नजर टाकलीच पाहिजे.

दुसरी नेहमीची तक्रार असते ती मजकूर बिघडल्याची. यात दोन प्रकार ओळखायला शिकावे. नावाऐवजी युरोपीय लिपीतली मात्राचिन्हे असलेली विचित्र अक्षरे दिसत असतील, तर माहिती बहुधा शाबूत असते, ती वाचण्याची रीत चुकलेली असते. एक्सेलमध्ये फाइल थेट उघडण्याऐवजी आयात करताना ‘यूटीएफ-८’ निवडले की मजकूर पूर्ववत होतो. पण नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हेच साठवली गेली असतील, तर मूळ अक्षरे गेली. ती कोणत्याही युक्तीने परत येत नाहीत. म्हणून डेटाबेस तयार करतानाच तो युनिकोडचा करावा. मायएसक्यूएलमध्ये त्यासाठी ‘यूटीएफ-८-एमबी-४’ हा संच निवडावा.

मोबाइल ॲप करणाऱ्यांना लांबीचा प्रश्न सतावतो. ‘क्षितिज’ हा शब्द आपल्या दृष्टीने तीन अक्षरांचा. संगणकाच्या हिशेबी त्यात क, हलन्त, ष, ऱ्हस्व इकार, त, ऱ्हस्व इकार, ज असे सात क्रमांक आहेत, आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन बाइट धरून एकवीस बाइट. ‘नाव वीस अक्षरांपेक्षा मोठे नको’ असा नियम इंग्रजीच्या अंदाजाने घातला, तर मराठी नाव अर्ध्यात तुटते आणि शेवटी लोंबकळता हलन्त उरतो. क्रमांक मोजण्याऐवजी अक्षरसमूह मोजण्याची सोय वापरावी. पूर्वी ही सोयसुद्धा ‘क्षि’चे दोन तुकडे करी. युनिकोडच्या २०२३ मधील १५.१ आवृत्तीपासून नियमांनुसार देवनागरी जोडाक्षर अखंड धरले जाते. जुन्या फोनवर मात्र जुनेच नियम चालत असतात, हे ध्यानात ठेवावे.

शेवटचा प्रश्न अनुक्रमाचा. ‘ळ’चा क्रमांक ‘ल’ला लागून आहे, त्यामुळे क्रमांकानुसार लावलेली यादी काल, काळ, कावळा, काशी, काही अशी येते. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ ‘ह’नंतर येतो, म्हणून कोशाच्या क्रमाने काल, कावळा, काशी, काही, काळ असे हवे. पोस्टग्रेस्क्यूएलसारख्या डेटाबेसमध्ये आयसीयू या ग्रंथालयाच्या आधारे मराठीचा क्रम निवडता येतो. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ ‘क’ व ‘ज’च्या पोटात घ्यावेत की शेवटी, याविषयी कोशांत दोन्ही रिती आढळतात. हा निर्णय भाषेच्या जाणकाराने आधी द्यावा आणि प्रोग्रॅमरने तो पाळावा.

मराठीचे आद्य व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांनी सुरतेत अध्यापन केले. १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजींसह मानवधर्मसभा स्थापणाऱ्यांत ते होते. मराठी आणि गुजराती जाणकारांनी एकत्र बसून काम करण्याची परंपरा या शहराला अशी जुनी आहे. वर सांगितलेल्या कामासाठी तीच हवी.

शिक्षकांना एक सुचवतो. वर्गात विद्यार्थ्यांकडून पन्नास शब्दांची एक चाचणी-यादी करून घ्यावी. त्यात ऱ्य, ऱ्ह, ॲ, ऑ, ळ, क्ष, ज्ञ असलेले शब्द, आपल्या वस्तीतली आडनावे आणि गावांची नावे असावीत. मराठी अंकांत लिहिलेल्या काही संख्याही असाव्यात, कारण मायएसक्यूएल ‘४२’ या मजकुराची बेरीज शून्य धरूनच करते. कोणतेही नवे ॲप किंवा सूची हाती आली की ही यादी त्यात भरावी, शोधून पाहावी, क्रम लावून पाहावा. जे शब्द अडतील ते लिहून प्रोग्रॅमरला द्यावेत. ‘मराठी नीट चालत नाही’ या तक्रारीवर कोणाला काही करता येत नाही; ‘बऱ्हाटे सापडत नाही’ या तक्रारीवर त्याच दिवशी काम सुरू करता येते.