गोष्टीची स्मृती आणि पडद्यावरचं बटण

एलोडी चौदा वर्षांची राजकन्या आहे. आई वारली आहे आणि ४० आठवड्यांनी एलोडीचा राज्याभिषेक व्हायचा आहे. तोवर तिला जिवंत ठेवणं हे खेळाडूचं काम. ‘लाँग लिव्ह द क्वीन’ या २०१२ सालच्या खेळात दर आठवड्याला तिच्यासाठी दोन विषय निवडायचे असतात. इतिहास शिकवायचा की तलवारबाजी, दरबारी रीतिरिवाज की औषधोपचार, हे खेळाडू ठरवतो. पुढे कधीतरी तिच्या हाती विष घातलेली चॉकलेटं येतात. ते विष तिला ओळखता येईल की नाही, हे आधीच्या आठवड्यांत ती काय शिकली होती यावर अवलंबून असतं.

गोष्ट सांगणाऱ्या संगणकाला इतक्या आठवड्यांपूर्वीची निवड लक्षात ठेवावी लागते. ही स्मृती कुठे असते, ती कोण बदलतं आणि बदलताना कोणती काळजी घ्यावी लागते, हा संगणकशास्त्रातला एक सुंदर प्रश्न आहे. खेळ खेळणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही, आणि लागू नये अशीच रचना असते.

व्हिज्युअल नॉव्हेल हा प्रकार जपानमध्ये वाढला. मागे एखादं चित्र, समोर पात्र, खाली संवादाची चौकट आणि अधूनमधून खेळाडूपुढे ठेवलेले दोन-तीन पर्याय. युजी होरी यांचा १९८३ सालचा ‘पोर्टोपिया’ हा खुनाच्या तपासाचा खेळ या घराण्याच्या पूर्वजांत मोजतात. जपानबाहेर हा प्रकार हौशी लेखकांच्या हाती आला तो मुख्यतः रेनपायमुळे. टॉम रोथामेल या अमेरिकी प्रोग्रॅमरनं २००४ साली हे साधन मोकळं केलं. ते पायथन भाषेवर उभं आहे, फुकट आहे आणि त्याचा मूळ कोड कुणालाही वाचता येतो. एलोडीचा खेळ रेनपायमध्येच बनला आहे. २०१७ चा ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ आणि २०२३ चा ‘स्ले द प्रिन्सेस’ हेही त्यातलेच.

रेनपायमध्ये लिहिलेली गोष्ट नाटकाच्या संहितेसारखी दिसते. पात्राचं नाव, पुढे अवतरणचिन्हांत संवाद. मध्येच एखादी ओळ डॉलरच्या चिन्हानं सुरू होते आणि सांगते की विश्वास या व्हेरिएबलमध्ये एक मिळव. व्हेरिएबल म्हणजे नाव दिलेली एक जागा, जिच्यात एखादं मूल्य ठेवता येतं. विश्वास पाच असेल, किल्ली सापडलेली असेल किंवा नसेल. अशा फक्त हो-नाही स्वरूपाच्या २० नोंदी असल्या, तरी त्यांच्या एकूण जुळण्या १०,४८,५७६ होतात. प्रत्येक जुळणी खेळून पाहणं लेखकाला शक्य नाही. म्हणून नोंद चुकणारच नाही अशी शिस्त साधनातच असावी लागते.

संहितेच्या ओळींत ही शिस्त सोपी आहे. ओळी एकामागून एक चालतात. गोष्ट त्या ओळीवर आली की विश्वास एकनं वाढतो, मग पुढची ओळ. अडचण सुरू होते ती पडद्यांपाशी. पडदा म्हणजे दुकान, नकाशा, पात्राचे कपडे निवडायची जागा, कौशल्यांचा तक्ता. इथे बटणं मांडलेली असतात आणि खेळाडू कोणतं, कधी आणि किती वेळा दाबेल हे लेखकाला माहीत नसतं.

नवशिक्याला वाटतं, पडद्याच्या वर्णनातच ‘पैसे दहानं वाढव’ अशी ओळ टाकली की झालं. तसं केलं तर खेळाडूनं काहीही न दाबता पैसे वाढत जातात. कारण पडद्याचं वर्णन एकदाच वाचलं जात नाही. पडद्यावर काही बदललं की रेनपाय ते पुन्हा वाचतं. एवढंच नाही, पडदा दिसण्याच्या आधीही ते वाचलं जातं. पुढे कोणती चित्रं लागतील याचा अंदाज घेऊन ती आधीच तयार ठेवायची असतात, म्हणजे खेळ मध्येच अडखळत नाही. या अंदाजाच्या वाचनात पडदा अजून खेळाडूसमोर आलेलाही नसतो. म्हणून रेनपायचा दंडक असा की पडद्याच्या वर्णनानं बाहेरच्या जगात काहीही बदलू नये. पडद्यानं फक्त दाखवायचं.

मग बदल करायचा कुणी? त्यासाठी ॲक्शन आहेत, आणि मला या सगळ्या रचनेतला सर्वांत देखणा भाग तोच वाटतो. सेटव्हेरिएबल("विश्वास", ७) असं बटणाला जोडलं, तर त्या क्षणी विश्वास सात होत नाही. तयार होते ती फक्त एक सूचना, ‘विश्वास सात कर’ अशी. ती चेकसारखी असते. लिहिला म्हणून पैसे हलत नाहीत, वटवल्यावर हलतात. खेळाडूनं बटण दाबलं की चेक वटला. पडद्याचं वर्णन शंभरदा वाचलं गेलं, तर शंभर चेक लिहिले जातील आणि न वटलेले टाकून दिले जातील. खात्यातली शिल्लक जागच्या जागी राहील.

यातून दोन बारकावे आपोआप उलगडतात. पहिला अवतरणचिन्हांचा. व्हेरिएबलचं नाव अवतरणांत का लिहायचं? अवतरणं काढली तर पायथन लगेच त्या जागेत डोकावतो, तिथला पाच उचलतो आणि ॲक्शनच्या हाती फक्त पाच हा आकडा देतो. तो कुठल्या जागेतून आला हे हरवतं, आणि लिहायचं कुठे हे ॲक्शनला कळत नाही. नाव अवतरणांत दिलं की पत्ता शाबूत राहतो.

दुसरा बारकावा रकमेचा. सेटव्हेरिएबल("विश्वास", विश्वास + १) असं लिहिलं तर ‘विश्वास + १’ ही बेरीज चेक लिहितानाच होते, वटवताना होत नाही. विश्वास पाच असताना लिहिलेल्या चेकवर सहा हाच आकडा असतो. तरीही हे बहुतेक वेळा बरोबर चालतं, कारण ॲक्शन झाल्यावर रेनपाय पडदा पुन्हा वाचतं आणि सात लिहिलेला नवा चेक बटणामागे येऊन बसतो. पण नेहमीच भिस्त त्यावर कशाला? रेनपायमध्ये इन्क्रिमेंटव्हेरिएबल अशी स्वतंत्र ॲक्शन आहे. ती दाबण्याच्या क्षणी असलेलं मूल्य घेते आणि मग त्यात भर घालते. मोजणी करायची असेल तर तीच वापरावी.

या ॲक्शनचं एक कुटुंबच आहे. सेट म्हणजे ठरलेलं मूल्य ठेव. टॉगल म्हणजे हो असेल तर नाही कर, नाही असेल तर हो. सायकल म्हणजे दिलेल्या यादीतलं पुढचं मूल्य घे, यादी संपली की पुन्हा पहिलं. यातली प्रत्येक क्रिया वेगवेगळ्या जागांवर करता येते. संपूर्ण खेळाचं व्हेरिएबल, एखाद्या वस्तूचं फील्ड, शब्दकोशासारख्या डिक्शनरीतली एक नोंद, किंवा फक्त त्या पडद्यापुरतं जगणारं व्हेरिएबल. हा शेवटचा प्रकार फार उपयोगी आहे. दुकानाच्या पडद्यावर कपड्यांचा भाग उघडा आहे की शस्त्रांचा, याच्याशी गोष्टीला काही देणंघेणं नसतं. ती नोंद सेटस्क्रीनव्हेरिएबलनं ठेवावी. पडदा गेला की ती जाते आणि गोष्टीच्या स्मृतीत कचरा साठत नाही.

ॲक्शन आणखी एक काम करते आणि ते सहज नजरेतून सुटतं. बटण तिला तीन गोष्टी विचारू शकतं. दाबल्यावर काय करायचं? आत्ता दाबता येईल का? आणि मी निवडलेलं आहे का? सेटव्हेरिएबल तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर व्हेरिएबलमध्ये पाहून देते. तिथे आधीच सात असेल तर ‘सात कर’ म्हणणारं बटण स्वतःच उजळतं. ‘सोपं, मध्यम, कठीण’ अशी तीन बटणं मांडली, तर कोणतं उजळवायचं यासाठी लेखकाला वेगळी नोंद ठेवावी लागत नाही. एकाच सत्याच्या दोन प्रती ठेवल्या की त्या कधी ना कधी एकमेकींशी भांडतात, हे हिशेब ठेवणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. इथे दुसरी प्रतच निर्माण होत नाही.

काम करण्याआधी त्या कामालाच एक वस्तू बनवायचं, ही कल्पना रेनपायची नाही. १९९४ साली गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसाइडीस या चौघांनी सॉफ्टवेअरच्या रचनांवर जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यात तिला ‘कमांड’ असं नाव आहे. लेखनाच्या किंवा चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये आपण ‘अनडू’ करतो, त्यामागे बरेचदा हीच कल्पना असते. प्रत्येक कमांडला स्वतःला कसं उलटवायचं हे माहीत असतं. रेनपाय मात्र इथे वेगळी वाट धरतं, आणि माझ्या मते ती अधिक शहाणपणाची आहे.

रेनपायच्या खेळात माउसचं चाक मागे फिरवलं की गोष्ट मागे जाते. याला रोलबॅक म्हणतात. संवाद मागे जातो, चित्र मागे जातं आणि व्हेरिएबल्सही आपापल्या जुन्या मूल्यांवर परततात. पण सेटव्हेरिएबलला उलटं जाणं येत नाही. तिच्या जागी इंजिन स्वतः नोंद ठेवतं. प्रत्येक टप्प्यावर काय बदललं, आधी तिथे काय होतं, हे ते टिपत जातं. साध्या याद्या आणि डिक्शनऱ्यांच्या जागीही रेनपाय गुपचूप स्वतःच्या, मागे फिरू शकणाऱ्या आवृत्त्या वापरतं. त्यामुळे उलटं जाण्याचा भार गोष्ट लिहिणाऱ्यावर पडत नाही. जिला प्रोग्रॅमिंग जेमतेम येतं अशी लेखिकाही खेळाडूला मागे जाण्याची मुभा देऊ शकते, आणि त्यासाठी तिला एकही ओळ लिहावी लागत नाही.

ही सोय मिळण्यासाठी एक अट पाळावी लागते. बदलणारं प्रत्येक व्हेरिएबल ‘डिफॉल्ट’ या शब्दानं जाहीर करायचं. ‘डिफाइन’ हा शब्दही आहे, पण तो न बदलणाऱ्या गोष्टींसाठी, उदाहरणार्थ पात्राचं नाव आणि त्याचा रंग. विश्वास चुकून डिफाइननं जाहीर केला तर मोठा घोळ होतो. डिफाइन केलेली वस्तू कायमची आहे असं रेनपाय धरून चालतं, म्हणून वेळ वाचवण्यासाठी पडद्याचा तेवढा भाग पुन्हा वाचत नाही. बटण दाबूनही पडद्यावरचा आकडा हलत नाही, आणि खेळ जतन केला तरी ते मूल्य जपलं जाईल याची हमी नसते. ॲक्शन बरोबर लिहिलेली असते, चूक चार पानं आधीच्या एका शब्दात असते.

जतन करण्याची रीतही समजून घेण्यासारखी आहे. जतन केलेला खेळ उघडला की रेनपाय तो चालू ओळीच्या सुरुवातीपासून सुरू करतं. संहितेसाठी हे योग्यच आहे, संवाद अर्ध्यातून कसा सुरू करणार? पण समजा, एकच ओळ चालू असताना खेळाडू कपड्यांच्या पडद्यावर वीस मिनिटं रमला. सेटव्हेरिएबलनं दहा बदल केले, खेळ जतन केला, दुसऱ्या दिवशी उघडला. ओळीची सुरुवात त्या वीस मिनिटांच्या आधीची, त्यामुळे सगळे बदल गेलेले असतात. यावर ‘रिटेन आफ्टर लोड’ नावाचं एक फंक्शन आहे. ते योग्य वेळी बोलावलं की पडद्यावर केलेले बदल टिकतात. लांबलचक पडदे लिहिणाऱ्या प्रत्येकानं ते माहीत करून घ्यावं, कारण हरवलेली वीस मिनिटं खेळाडू सहजी माफ करत नाही.

काही स्मृती मात्र मागे जाऊच नयेत अशा असतात. खेळाडूनं एक शेवट पाहिला आहे, ही नोंद नव्यानं खेळ सुरू केल्यावरही राहायला हवी. त्यासाठी ‘पर्सिस्टंट’ नावाची वेगळी वस्तू आहे. तिची फील्ड सेटफील्डनं बदलायची. या नोंदी खेळाच्या कोणत्याही एका फेरीला बांधलेल्या नसतात आणि रोलबॅकही त्यांना शिवत नाही. ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ या खेळाची सगळी भीती अशा टिकून राहणाऱ्या स्मृतीवर उभी आहे. खेळ पुन्हा सुरू केला तरी आधी काय घडलं ते त्याला आठवत असतं, आणि एका टप्प्यावर खेळाडूला संगणकाच्या फोल्डरमध्ये जाऊन एका पात्राची फाइल स्वतःच्या हातानं डिलीट करावी लागते. तांत्रिक सोयीतून गोष्टीचा आशय घडवणारी इतकी नेमकी उदाहरणं थोडी आहेत.

मराठी वाचकाला यात रस असावा याला आणखी एक कारण आहे. पूर्वी रेनपायमध्ये देवनागरी नीट उमटत नसे. अक्षरं सुटी पडत, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या चुकीच्या बाजूला जाई, जोडाक्षरं मोडत. अलीकडच्या आवृत्त्यांत हार्फबझ हे लिपीची जुळणी करणारं साधन जोडलं गेलं आहे आणि योग्य फॉन्ट दिला की देवनागरी मजकूर व्यवस्थित दिसतो. तमाशातल्या वगापासून दिवाळी अंकातल्या रहस्यकथेपर्यंत आपल्याकडे गोष्ट सांगण्याच्या इतक्या तऱ्हा आहेत. त्यातली एखादी, ऐकणाऱ्याच्या निवडीनुसार वळणारी, मराठीतून का लिहिली जाऊ नये?

सुरुवात करायची असेल तर रेनपाय उतरवून घ्या आणि एकच पडदा, दोन बटणं, एक व्हेरिएबल एवढंच करा. व्हेरिएबल डिफॉल्टनं जाहीर करा, बदल ॲक्शनकडूनच करवून घ्या, आणि मग माउसचं चाक मागे फिरवून आकडा जुन्या जागी परततो का ते पाहा.