पंपाने उंची खुंटते का?

दम्यासाठी मुलाला रोज स्टेरॉइडचा पंप द्यायचा म्हटलं की आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. भीती अगदीच निराधार नाही. अमेरिका आणि कॅनडात 5 ते 13 वर्षांच्या दमेकरी मुलांना चारेक वर्षं पंपातून रोज 400 मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड देऊन पाहिलं. मोठेपणी त्यांची उंची, औषध न घेतलेल्यांपेक्षा सरासरी 1.2 सेंटिमीटरने कमी भरली. हा निष्कर्ष 2012 साली प्रसिद्ध झाला. ही घट मुख्यतः पहिल्या दोन वर्षांतली; पुढे ती वाढत गेली नाही, पण भरूनही निघाली नाही.

हाडांचं म्हणाल तर नेहमीच्या मात्रेतल्या पंपाने फारसं बिघडत नाही. खरी काळजी पोटातून वारंवार घ्याव्या लागणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्यांची. आणि त्या कधी लागतात? अनेकदा पंप मध्येच बंद केल्यावर, दमा उसळला की! आटोक्यात नसलेला दमाही वाढ रोखतोच.

म्हणून पंप परस्पर बंद करू नका. स्पेसर (पंपाला जोडायची नळी) वापरा, नंतर चूळ भरायला लावा, दर तीन-सहा महिन्यांनी उंची मोजून घ्या आणि मात्रा कमी करता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.