वळ्यांची भांडी

अमेरिकेच्या नैर्ऋत्येस न्यू मेक्सिको व ॲरिझोना ही राज्ये आहेत. तेथील रुक्ष पठारांवर पुएब्लो लोकांची प्राचीन गावे वसलेली आहेत. पाणी व धान्य साठविण्यासाठी हे लोक हजाराहून अधिक वर्षे मातीची भांडी घडवीत आले. आई घडवी आणि मुलगी तिच्याजवळ बसून शिके. त्यासाठी निराळी शाळा नव्हती.

१८८० मध्ये तेथे आगगाडी पोहोचली व तिच्याबरोबर धातूची भांडी आली. पुढे सरकारने अनेक मुलांना घरापासून दूर, वसतिगृहाच्या शाळांत नेऊन ठेवले. तेथे त्यांना मातृभाषा बोलण्याचीही बंदी असे. त्यामुळे आईपासून मुलीकडे येणारी विद्या खंडित होऊ लागली. आज मात्र तीच कला काही शाळांच्या वर्गांतून शिकविली जाते.

या कामात चाक वापरीत नाहीत. माती ही माता, म्हणून ती खणण्यापूर्वी तिची प्रार्थना करतात. माती स्वच्छ करून तीत ज्वालामुखीची राख किंवा जुन्या खापरांची पूड मिसळतात. त्यामुळे भांडे सहसा तडकत नाही. मग मातीचे लांब वळे करून ते एकावर एक रचतात व बोटांनी सांधे एकजीव करतात. खालचे वळे थोडे आवळण्यापूर्वीच वर भार घातला, तर भांडे खचते. म्हणून विद्यार्थ्याला पहिला धडा मिळतो तो धीराचा.

भांडे वाळल्यावर खरवडून त्यावर पातळ मातीचा लेप देतात आणि नदीतील गुळगुळीत गोट्याने घोटतात. असे गोटे आजीकडून नातीकडे वारशाने येतात. युका वनस्पतीच्या पानाच्या कुंचल्याने नक्षी काढून भांडी उघड्यावर भाजतात. जळत्या आगीवर वाळलेल्या शेणाचा भुगा टाकला, की हवा कोंडते, धूर मातीत मुरतो आणि तांबडे भांडे काळेभोर होते. सॅन इल्डेफोन्सो गावच्या मारिया मार्टिनेझ (१८८७–१९८०) व त्यांचे पती ज्युलियन यांनी १९१९ च्या सुमारास चकचकीत काळ्या भांड्यांवर निस्तेज काळी नक्षी साधली. ही कला मारियांनी गावातील इतरांनाही शिकविली.

एवढे करूनही एखादे भांडे भाजताना फुटते. पण ते वाया जात नाही. त्याची पूड करून ती नव्या मातीत मिसळता येते आणि फुटलेले भांडे पुढच्या भांड्याला बळ देते.