बँडची सुपारी मालकाच्या खात्यावर, मग कर कुणाला?

लग्नसराईत गावोगावच्या बँजो पार्ट्या, ब्रास बँड आणि हलगी पथकांना दम खायला सवड नसते. दिवसा शेतात नाहीतर कामावर, रात्री वरातीत. पूर्वी सुपारी रोख मिळायची. आता इसारसुद्धा मोबाइलवरून येतो, तोही बहुतेक वेळा मालकाच्या एकट्याच्या खात्यावर. हंगाम संपला की खात्यात लाखांची उलाढाल दिसते आणि नोटिशीची भीती सुरू होते.

खात्यावर आलेला प्रत्येक रुपया म्हणजे उत्पन्न नव्हे. खर्च जाऊन उरतं त्यावर कराचा हिशेब होतो. पण खर्च झाला हे दाखवायला कागद लागतो, आणि घोडं तिथंच अडतं.

समजा, एका पथकाने वर्षात ४० सुपाऱ्या वाजवल्या, प्रत्येकी २५ हजारांच्या. म्हणजे १० लाख जमा. एका सुपारीला आठ वादकांना दीड-दीड हजार दिले, म्हणजे १२ हजार. गाडी, डिझेल, जनरेटरला ६ हजार. मालकाकडे उरले ७ हजार, वर्षाचे २ लाख ८० हजार. वाटप कुठंच लिहिलेलं नसेल तर १० लाख त्याच्या एकट्याच्या नावावर दिसतात. म्हणून साधी वही ठेवावी: तारीख, गाव, सुपारी किती, कुणाला किती दिले आणि समोर सही. वादकांचे पैसेही खात्यावरच पाठवले तर उत्तमच.

२०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या कर पद्धतीत ४ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे असल्या धंद्याच्या कमाईवर भरायचा कर शून्य होतो. इथंच अनेकांची गफलत होते. वरच्या मालकाला किराणा दुकानातून आणखी १ लाख ८० हजार सुटत असतील तर एकूण ४ लाख ६० हजार झाले. कर शून्य, पण ४ लाख ओलांडले म्हणून रिटर्न भरावंच लागतं.

पथक स्वतः चालवणाऱ्या मालकाला सुगम म्हणजे आयटीआर-४ फॉर्मची सोय आहे. त्यात रोख जमेच्या किमान ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या जमेच्या ६ टक्के नफा धरता येतो. प्रत्यक्षात जास्त उरलं असेल तर ते जास्तच दाखवायचं.

'बँडचे पैसे शेतीत दाखवून टाका' असा सल्ला पारावर हमखास मिळतो. तो ऐकू नये. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे हे खरं, पण नुसता सातबारा असून भागत नाही. माल विकल्याच्या पट्ट्या मागितल्या तर आणणार कुठून?

पथक समाईक असेल, तर कुणाचा वाटा किती हे आधीच कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या कराव्यात. वाटे ठरलेले नसले तर गटाच्या उत्पन्नावर सर्वांत वरचा दर लागू शकतो. घाईत भागीदारी फर्म करण्याआधीही विचार करावा, कारण फर्मच्या नफ्यावर सरळ ३० टक्के दर आहे. ४ लाखांची सूट तिला नाही आणि १२ लाखांची सवलतही नाही.

जीएसटीची धास्ती मात्र लहान पथकांनी घेऊ नये. महाराष्ट्रात सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही. रोखीचं एक लक्षात ठेवावं: एका कार्यक्रमाचे २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाहीत. घेतले तर तेवढाच दंड होऊ शकतो.

लग्नघरचे लोक टीडीएस कापत नाहीत. एखाद्या कंपनीने किंवा कारखान्याने कार्यक्रम दिला तर बिलातून तो कापला जाऊ शकतो आणि पॅन दिला नसेल तर तब्बल २० टक्के जातात. कापलेली रक्कम फॉर्म २६एएस मध्ये दिसते. कर लागत नसेल तर रिटर्न भरून ती परत मागता येते, उत्पन्न ४ लाखांच्या आत असलं तरी.