संगणक सुरक्षितता : लहानांनाही धोका मोठाच

‘आमच्या संगणकात चोरण्यासारखे आहे तरी काय?’ संगणकाच्या सुरक्षिततेचा विषय निघाला, की छोटे दुकानदार, दवाखाने, करसल्लागार आणि घरगुती वापरकर्ते यांच्याकडून हा प्रश्न हमखास विचारला जातो. बँका आणि बड्या कंपन्या हेच हल्लेखोरांचे लक्ष्य असते, अशी समजूत त्यामागे असते. प्रत्यक्षातील घटनांनी मात्र ती खोटी ठरविली आहे.

ओलीस फायली

मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या घातक प्रोग्रामने सुमारे १५० देशांतील २ लाखांहून अधिक संगणकांना ग्रासले. संगणकातील फायली सांकेतिक रूपात बदलून त्या सोडविण्यासाठी सुरुवातीला ३०० डॉलरची खंडणी मागितली जात होती. ही रक्कमच बोलकी आहे. एकटादुकटा वापरकर्ताही ती देऊ शकेल, असा तिचा हिशेब होता. उधारीच्या नोंदी, रुग्णांची माहिती किंवा कौटुंबिक छायाचित्रे यांना बाजारात किंमत नसली, तरी मालकाचे त्यांच्यावाचून अडते. हल्लेखोराला तेवढे पुरेसे असते. विशेष म्हणजे, ‘विंडोज’च्या ज्या त्रुटीतून हा प्रोग्राम पसरला, ती बुजविणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिला होता.

कॅमेऱ्यांची फौज

ज्या यंत्रात खरोखरच काही नाही, तेही हल्लेखोराच्या उपयोगाचे असते. २०१६ मध्ये ‘मिराई’ या प्रोग्रामने घरांतील व दुकानांतील कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. कारखान्यातून आलेले पासवर्ड मालकांनी बदललेले नव्हते. असे साठेक ठरावीक नावे व पासवर्ड वापरून पाहणे एवढेच त्याचे तंत्र होते. या यंत्रांच्या फौजेचा वापर करून २१ ऑक्टोबर २०१६ रोजी ‘डिन’ या अमेरिकी कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास विस्कळीत झाल्या. आपला कॅमेरा या कटात सामील आहे, याची मालकांना गंधवार्ताही नव्हती.

मागचा दरवाजा

अमेरिकेतील ‘टार्गेट’ या दुकानांच्या साखळीतून २०१३ च्या अखेरीस सुमारे ४ कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीस गेली. चोरांनी प्रवेश मिळविला तो शीतयंत्रणेची कामे करणाऱ्या एका लहान कंत्राटदारामार्फत. बिले सादर करण्यासाठी त्याला दिलेले नाव व पासवर्ड त्यांच्या हाती लागले होते. थोडक्यात, लहान व्यावसायिकाकडे स्वतःचे धन नसले, तरी इतरांच्या घराची किल्ली असते. ग्राहकांचे दूरध्वनी क्रमांक, पॅन आणि खात्यांचे तपशील हीही तशीच ठेव आहे.

उपाय आवाक्यातले

बचावासाठी फार खर्चाची गरज नाही. अपडेट वेळेवर घ्यावेत. ‘विंडोज १०’चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, हेही लक्षात ठेवावे. महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. सतत जोडलेली डिस्कही खंडणीखोर प्रोग्रामच्या तावडीत सापडते. प्रत्येक खात्याला स्वतंत्र पासवर्ड ठेवावा आणि ई-मेल व बँक खात्यांना दुहेरी पडताळणी लावावी. नेहमीच्या पुरवठादाराने ‘बँक खाते बदलले आहे’ असे ई-मेलने कळविल्यास, पूर्वीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री केल्याशिवाय पैसे भरू नयेत. फसवणूक झालीच, तर बँकेला कळवून १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. रक्कम पुढच्या खात्यांत वळण्याआधी ती गोठविली जाण्याची शक्यता त्यामुळे वाढते.

दुकान लहान आहे म्हणून रात्री शटर उघडे टाकून कोणी घरी जात नाही. संगणकालाही तोच न्याय लावायला हवा.