लोकेशन पाठवूनही डिलिव्हरीवाला फोन का करतो? ‘शेवटच्या मैला’चं गणित आणि त्यात एआय नेमकं काय करतं

“दादा, मारुती मंदिरापाशी आलोय. इथून कुठे येऊ?”

ऑनलाइन काहीही मागवत असाल, तर हा फोन तुम्हाला आलाच असणार. आपण वैतागून म्हणतो, “अरे, लोकेशन टाकलंय ना, मॅप बघ की!” तो म्हणतो, “मॅप इथंच दाखवतोय.” आणि तो खोटं बोलत नसतो. मॅपने त्याला खरोखरच तुमच्या बिल्डिंगच्या मागच्या भिंतीपाशी आणून सोडलेलं असतं. गेट पलीकडच्या गल्लीत.

भिवंडीच्या गोदामातून निघालेलं पार्सल रातोरात सोलापूरला पोचतं आणि शेवटच्या दोनशे मीटरवर अडकतं. कंपन्या एआयवर एवढा खर्च करतात, मग हे दोनशे मीटर का सुटत नाहीत?

शेवटचा मैल म्हणजे काय?

माल पोचवण्याच्या धंद्यात ‘लास्ट माइल’ म्हणजे जवळच्या डिलिव्हरी सेंटरपासून तुमच्या दारापर्यंतचा प्रवास. तो मोजून एक मैल असतो असं नाही, दहा किलोमीटरही असू शकतो.

प्रवासाचा हाच तुकडा सगळ्यात महाग पडतो. भिवंडी ते सोलापूर एका ट्रकमधून शेकडो पार्सलं जातात. डिझेल आणि ड्रायव्हरचा खर्च त्या सगळ्यांत वाटला जातो. सोलापुरात मात्र प्रत्येक पार्सलसाठी वेगळं दार, वेगळा जिना, वेगळा वॉचमन. त्यात घराला कुलूप असेल किंवा कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे द्यायला कोणी नसेल, तर उद्या पुन्हा फेरी. पार्सल तेच, खर्च दुप्पट.

आधी पोस्टाने काय केलं?

ही अडचण जुनी आहे. एकाच नावाची अनेक गावं, वेगवेगळ्या भाषांतले पत्ते, वाचता न येणारं अक्षर. यावर उपाय काढला तो एका मराठी माणसाने. पोस्ट खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी तयार केलेली पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. सहा आकड्यांपैकी पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. महाराष्ट्र आणि गोव्याचे पिनकोड ४ ने सुरू होतात ते यामुळे. शेवटचे तीन आकडे पोस्ट ऑफिस सांगतात.

पण पिनकोडचं काम पोस्ट ऑफिसपर्यंत संपतं. पुढे काम करायची पोस्टमनची ओळख. एकाच भागात वर्षानुवर्षं फिरणाऱ्या पोस्टमनला ‘पाटलांच्या वाड्यामागे’ एवढं पुरायचं. आज तुमच्याकडे आलेला मुलगा कदाचित कालच या भागात कामाला लागलेला असतो. ही ओळख कुठून आणायची, हा सगळा प्रश्न आहे.

डिजिपिनने काम होईल का?

पोस्ट खात्याने आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या नॅशनल रिमोट सेन्सिंग सेंटरच्या साथीने मे २०२५ मध्ये ‘डिजिपिन’ आणला. कल्पना सोपी आहे. भारताच्या नकाशावर एक मोठा चौकोन टाका. त्याचे १६ भाग करा. त्यातल्या प्रत्येकाचे पुन्हा १६. असं दहा वेळा केलं की साधारण ४ मीटर बाय ४ मीटरचा चौकोन उरतो. प्रत्येक पायरीला एक खूण, म्हणून डिजिपिन दहा खुणांचा. घर असो, शेत असो की समुद्र, प्रत्येक चौकोनाला स्वतःचा कोड मिळतो.

ज्या वस्तीला रस्त्याचं नाव नाही की घर नंबर नाही, तिथे याचा मोठा उपयोग आहे. पण यात उंची धरलेली नाही. दहा मजली इमारतीत एकावर एक असलेल्या दहा फ्लॅटचा डिजिपिन एकच. शिवाय तो ठिकाण सांगतो, तिथे आत कुठून शिरायचं ते सांगत नाही. म्हणूनच तो पत्त्याच्या जोडीला आहे, पत्त्याऐवजी नाही.

मग एआय काय करतं?

पहिलं काम पत्ता वाचायचं. ‘साईकृपा, एसटी स्टँडच्या मागे, गांधी चौक’ हा पत्ता घ्या. साईकृपा नावाच्या इमारती प्रत्येक शहरात दहा सापडतील. कोणी नाव जोडून लिहितं, कोणी तोडून, कोणी मराठीत, कोणी इंग्रजीत, आणि पिनकोड बऱ्याचदा शेजारच्या भागाचा. एआय यातले इमारत, खूण, चौक आणि शहर वेगळे करतं आणि पूर्वीच्या लाखो पत्त्यांशी ताडून अंदाज बांधतं की हा पत्ता नक्की कुठला.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं. डिलिव्हरी देणारा अ‍ॅपवर ‘डिलिव्हर्ड’ दाबतो, तेव्हा तो कुठे उभा आहे त्याची नोंद जीपीएसवरून होऊ शकते. एका नोंदीवर भरवसा ठेवता येत नाही, कारण त्याने बटण खाली पार्किंगमध्ये किंवा पुढच्या बिल्डिंगपाशी दाबलेलं असू शकतं. पण एकाच पत्त्याच्या वीस नोंदी एका जागी गोळा झाल्या, की ती जागा खरी. तीच बहुतेक वेळा गेट असते.

आता हे उलटं करून बघा. मॅपला गेट कोणी शिकवलं? आधी वीस वेळा चुकलेल्या, तुम्हाला फोन केलेल्या आणि शोधत शोधत पोचलेल्या मुलांनी.

रस्ता ठरवणं एवढं अवघड असतं?

दहा ठिकाणी पार्सल द्यायची आहेत. कुठल्या क्रमाने जायचं? क्रमाचे ३६ लाखांहून जास्त पर्याय होतात. ठिकाणं वीस झाली, तर २४ वर १७ शून्यं इतके. गणितात याला ‘ट्रॅव्हलिंग सेल्समन प्रॉब्लेम’ म्हणतात. प्रत्येक पर्याय तपासत बसणं कॉम्प्युटरलाही परवडत नाही, म्हणून तो युक्त्या वापरून पुरेसा चांगला रस्ता शोधतो.

यातलं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या यूपीएस कंपनीच्या ‘ओरायन’ सॉफ्टवेअरचं. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. त्यामुळे डावीकडे वळायचं तर समोरची वाहतूक थांबेपर्यंत ताटकळावं लागतं. यूपीएस शक्य तिथे डावं वळण टाळते. आपल्याकडे हाच त्रास उजव्या वळणाला होतो. ओरायनमुळे वर्षाला सुमारे १० कोटी मैलांचा प्रवास वाचतो, असं कंपनी सांगते.

पण ड्रायव्हर मॅपचं ऐकत नव्हते

२०२१ मध्ये अ‍ॅमेझॉनने एमआयटी या अमेरिकेतल्या नामांकित संस्थेसोबत एक स्पर्धा घेतली. अनुभवी ड्रायव्हर अनेकदा कॉम्प्युटरने काढलेला क्रम सोडून स्वतःच्या क्रमाने जातात, हे कंपनीला दिसत होतं. सर्वात कमी अंतराचा रस्ता काढा, असं स्पर्धकांना सांगितलंच नाही. अमेरिकेतल्या पाच महानगरांमधल्या ६,११२ खऱ्या फेऱ्यांचा डेटा देऊन सांगितलं, की अनुभवी ड्रायव्हर कुठल्या क्रमाने जाईल ते ओळखा.

पहिल्या आलेल्या टीमने फेऱ्यांमधली शिस्त शोधली. ड्रायव्हर एक भाग पूर्ण उरकतात आणि मगच पुढच्या भागात शिरतात. टीमने असे नियम डेटामधून काढून गणितात घातले. थोडक्यात, पार्किंग कुठे मिळतं, कुठला रस्ता कधी तुंबतो, हे नकाशात नसलेलं ज्ञान ड्रायव्हरच्या सवयीत होतं आणि मशीनला ते तिथून घ्यावं लागलं.

आपल्याला याचं नवल वाटायला नको. मुंबईच्या डबेवाल्यांचं काम १८९० पासून चालू आहे, झाकणावरच्या रंगांच्या आणि आकड्यांच्या खुणांवर. त्यांना मॅप लागला नाही, कारण गिऱ्हाईक तेच, रस्ता तोच, माणूसही तोच. अ‍ॅपच्या डिलिव्हरीत यातलं रोज काहीतरी बदलतं. ती तुटलेली ओळख एआय डेटामधून पुन्हा जोडायला बघतं.

चुकलं तर भुर्दंड कोणाला?

अ‍ॅपवर ‘८ मिनिटांत पोहोचेल’ असं दिसतं. हा अंदाज अंतर, वाहतूक आणि पूर्वीच्या फेऱ्यांवरून काढलेला असतो. पण आज लिफ्ट बंद आहे, सोसायटीने डिलिव्हरीच्या गाड्या गेटबाहेर लावायला सांगितल्यात, पुलाखाली पाणी साचलंय, हे त्याला कळतंच असं नाही. उशीर दिसतो तो पोचवणाऱ्याच्या नावावर. जिथे पैसे ऑर्डरमागे मिळतात, तिथे चुकीच्या पिनपायी गेलेली वीस मिनिटं आणि पेट्रोल त्याच्याच खिशातून जातं.

नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात गिग कामगार अंदाजे ७७ लाख होते. त्यात डिलिव्हरीवाल्यांसोबत कॅब चालवणारे आणि इतरही आले. त्यांच्यासाठी वेगळा कायदा सगळ्यात आधी राजस्थानने २०२३ मध्ये केला. कर्नाटकच्या २०२५ च्या कायद्यात तर अ‍ॅपमधली यंत्रणा काम आणि पैसे कशी ठरवते, याची माहिती कामगाराला मिळण्याची तरतूद आहे. ज्याच्या पायपिटीतून मशीन शिकलं, त्याला मशीनचे नियम तरी कळायला हवेत.

आपण काय करू शकतो?

चार गोष्टी, फुकटातल्या.

१. पिन बिल्डिंगच्या मधोमध न ठेवता गेटवर ठेवा.

२. ऑफिसातून घरासाठी ऑर्डर करताना पिन घराचीच आहे ना, ते बघा. अ‍ॅप बऱ्याचदा तुम्ही बसलाय तीच जागा धरतं.

३. विंग, मजला आणि फ्लॅट नंबर पूर्ण लिहा. हे मॅपला दिसत नाही.

४. खूण टिकाऊ द्या. शाळा, देऊळ, पाण्याची टाकी चालेल. ‘निळ्या गाडीसमोर’ नको, गाडी संध्याकाळी जाते.

आणि पुढच्या वेळी “मारुती मंदिरापाशी आलोय” असा फोन आला, तर न चिडता गेट सांगा. तो बरोबर जागी येऊन ‘डिलिव्हर्ड’ दाबेल आणि त्याच्यानंतर येणाऱ्याला कदाचित तो फोन करावा लागणार नाही.