बांधकाम परवानगी व इमारत नियमावली

जमिनीवर नवी इमारत उभारण्यापूर्वी, तसेच असलेल्या इमारतीत वाढ वा महत्त्वाचा फेरबदल करण्यापूर्वी, स्थानिक प्राधिकरणाकडून घ्यावयाच्या लेखी अनुमतीस बांधकाम परवानगी म्हणतात. ही अनुमती ज्या निकषांवर दिली वा नाकारली जाते, त्यांच्या संहितेस इमारत नियमावली अशी संज्ञा आहे. जमीन खाजगी मालकीची असली, तरी तीवरील बांधकामाचा परिणाम शेजाऱ्यांचा उजेड व वारा, रस्त्यावरील वाहतूक, पाणीपुरवठा, सांडपाण्याचा निचरा आणि त्या इमारतीत पुढे राहावयास येणाऱ्यांची सुरक्षितता यांवर होत असतो. मालकाच्या हक्कावर घातलेल्या या मर्यादेचे हेच मुख्य समर्थन होय.

इतिहास : बॅबिलोनियाच्या हामुराबी राजाच्या संहितेत (इ. स. पू. अठरावे शतक) घर कोसळून मालक मृत्यू पावल्यास ते बांधणाऱ्यास देहान्त शिक्षा सांगितली आहे. येथे जबाबदारी निश्चित होते ती अपघातानंतर. अपघातापूर्वीच नियंत्रण ठेवण्याची कल्पना पुढील काळात रुजली. १६६६ च्या भीषण आगीनंतर लंडनच्या पुनर्बांधणीसाठी १६६७ मध्ये झालेल्या कायद्याने घरांच्या बाह्य भिंती विटांच्या वा दगडी असाव्यात असे बंधन घातले व रस्त्याच्या दर्जानुसार मजल्यांची संख्या ठरवून दिली.

मुंबईत १८८८ च्या महानगरपालिका अधिनियमाने इमारत बांधू इच्छिणाऱ्याने आयुक्तांस आगाऊ सूचना देणे आवश्यक केले. १८९६ मध्ये प्लेगची साथ आल्यावर दाट वस्तीतील अंधाऱ्या व कोंदट चाळींचा प्रश्न ऐरणीवर आला आणि १८९८ मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळाची स्थापना झाली. यानंतर १९१५ चा मुंबई नगररचना अधिनियम व १९५४ चा त्याच विषयावरील अधिनियम अंमलात आले. त्यांची जागा घेणारा ‘महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६’ हा राज्यातील विकास परवानगीचा प्रमुख आधार आहे. मुंबईसाठी स्वतंत्र विकास नियंत्रण नियमावली आहे. राज्याच्या बहुतेक उर्वरित भागासाठी डिसेंबर २०२० मध्ये एकत्रिकृत नियमावली लागू करण्यात आली. १९७० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली व १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये सुधारलेली राष्ट्रीय इमारत संहिता ही स्वरूपाने मार्गदर्शक आहे. स्थानिक नियमावलीत समावेश झाल्यावरच तिच्यातील तरतुदी बंधनकारक ठरतात.

प्रमुख तरतुदी : (१) सामासिक अंतरे : इमारतीच्या चारही बाजूंस सोडावयाच्या मोकळ्या जागेमुळे उजेड व वारा मिळतो, तसेच आगीच्या वेळी अग्निशामक बंबास वाट राहते. (२) चटई क्षेत्र निर्देशांक : सर्व मजल्यांच्या गणनायोग्य क्षेत्राचे भूखंडाच्या क्षेत्राशी असलेले गुणोत्तर. उदा., ५०० चौ. मी. भूखंडावर निर्देशांक १ असल्यास एकूण ५०० चौ. मी. बांधकाम अनुज्ञेय असते. ते दोन मजल्यांत करावे की चारांत, हे उंची व सामासिक अंतरे यांच्या नियमांवर ठरते. (३) आरोग्य : खोल्यांचे किमान आकारमान, उंची, वायुवीजन व स्वच्छतागृहे. राष्ट्रीय संहितेनुसार राहण्याच्या खोलीचे क्षेत्र किमान ९.५ चौ. मी. व उंची २.७५ मी. असावी. (४) अग्निसुरक्षा : जिन्यांची संख्या व रुंदी, बाहेर पडण्याचे मार्ग, पाण्याच्या टाक्या इत्यादी. १५ मी. व त्याहून उंच इमारती राष्ट्रीय संहितेत उंच इमारती समजल्या असून त्यांस अधिक कडक नियम लागू होतात. (५) संरचना : भार, वारा व भूकंप यांसंबंधीच्या भारतीय मानकांनुसार अभिकल्प.

कार्यपद्धती : मालकीहक्काचा उतारा, मोजणी नकाशा व नोंदणीकृत वास्तुविशारद वा अभियंता यांनी तयार केलेले नकाशे यांसह अर्ज करावा लागतो. छाननीनंतर व शुल्क भरल्यावर प्रारंभ प्रमाणपत्र मिळते. १९६६ च्या अधिनियमानुसार साठ दिवसांत निर्णय न कळविल्यास, प्रस्ताव नियमांशी सुसंगत असेल तरच, परवानगी मिळाल्याचे मानले जाते. नकार अथवा जाचक अट यांविरुद्ध चाळीस दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. जोत्यापर्यंतचे काम झाल्यावर त्याची आखणी मंजूर नकाशाप्रमाणे आहे की नाही, हे तपासतात. कारण या टप्प्यावर चूक सुधारणे सोपे असते. काम संपल्यावर पूर्णत्वाचा दाखला सादर होतो व पाहणीनंतर भोगवटा प्रमाणपत्र दिले जाते. ते मिळण्यापूर्वी इमारतीचा वापर करणे नियमबाह्य आहे.

उल्लंघन व परिणाम : मंजुरी व प्रत्यक्ष बांधकाम यांतील तफावतीची झळ बहुधा रहिवाशांनाच लागते. मुंबईत वरळी येथील कॅम्पा कोला आवारात पाच मजल्यांची परवानगी असताना काही इमारती सतरा व वीस मजल्यांपर्यंत उभारण्यात आल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हे जादा मजले नियमित करण्यास नकार दिला, तेव्हा अनेक वर्षे तेथे राहणाऱ्या कुटुंबांवर घर सोडण्याची वेळ आली. एप्रिल २०१३ मध्ये मुंब्र्याजवळ शिळफाटा येथे विनापरवाना उभारली जात असलेली इमारत कोसळून सत्तरांहून अधिक लोक मरण पावले.

मर्यादा : परवानगी म्हणजे मजबुतीची हमी नव्हे. प्राधिकरणाची छाननी मुख्यतः क्षेत्रफळ, उंची, अंतरे व वापर यांपुरती असते. संरचनेबाबत बहुधा संरचना अभियंत्याच्या प्रमाणपत्रावर विसंबतात. जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात दूरच्या अहमदाबादमध्येही बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांपैकी अनेकींचा तळमजला वाहनांसाठी मोकळा ठेवलेला असल्याने दुर्बल होता. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपातील मोठी जीवितहानी मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व मातीची जड छपरे असलेल्या घरांत झाली. परंपरेने बांधलेल्या अशा घरांपर्यंत नियमावली व तांत्रिक सल्ला पोहोचलेलाच नव्हता. म्हणून नियमांच्या कडकपणाइतकेच त्यांचे सुबोध रूप, वेळेवर मिळणारी परवानगी आणि बांधकामाच्या प्रत्येक टप्प्यावरील प्रत्यक्ष तपासणी यांस महत्त्व आहे. घर घेणाऱ्याने मंजूर नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र व भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच व्यवहार करणे त्याच्या हिताचे असते.